तीन वाजता निघाली, साडेपाचला पोचेल

आत्या,

परवा आंधी आली आणि तुझा फोन आला नाही.

दुपारी मी देवासच्या ऑफिसात बसलो होतो. पश्चिमेची खिडकी एकाएकी पिवळट झाली, टेबलावरचे कागद फडफडले आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. फोन गप्प होता. मग लक्षात आलं की तुला जाऊन सतरा दिवस झाले. आंधी तिच्या मर्जीनं आली, दोन ठिकाणी तारा तोडून गेली, आणि ती धारहून किती वाजता निघाली होती हे मला आता कुणी सांगणार नाही.

"तीन वाजता निघाली रे अवि, तुझ्याकडे साडेपाचला पोचेल." वैशाख-ज्येष्ठात हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं, की ऐकणाऱ्याला वाटावं आमच्याकडे नात्यातली कुणी बाई बसनं येतेय. माझी बायको लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात खरंच चहाचं आधण ठेवून बसली होती. तू धारला, मी देवासला. इकडच्या आंध्या बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, त्यामुळे त्या आधी तुझ्या गच्चीवर यायच्या आणि मग माझ्या खांबांवर. तू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलास, मी वीज खात्यात लागलो. वारा कधी येणार ते सांगणं तुझं काम, त्यानं पाडलेलं उभं करणं माझं. वाटणी चांगली होती, पण भांडल्याशिवाय आपण ती कधी पाळली नाही.

आंधी म्हणजे काय, हे तू मला मोरीत शिकवलंस. मी नववीत होतो, सुट्टीत आईबरोबर धारला आलो होतो आणि शाळेत पाठ केलेलं तुला म्हणून दाखवत होतो, "गर्म हवा ऊपर उठती है।" तू म्हणालीस, "वर जाते ते कळलं. मग खाली काय येतं?" मला कुठे ठाऊक! तू मला हाताला धरून मोरीत नेलंस, भरलेली कळशी उंच धरलीस आणि फरशीवर एकदम उलटी केलीस. पाणी खाली आदळलं आणि चहूकडे पळालं, माझ्या पायांवर, दारावर, बाहेर घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवर. "ही आंधी," तू म्हणालीस. उन्हानं तापलेली हवा वर जाते, तिचा ढग होतो, ढगातून पाऊस सुटतो. पण खालची हवा इतकी कोरडी की पुष्कळसा पाऊस वाटेतच सुकून जातो. सुकताना तो आजूबाजूची हवा गार करतो. गार हवा जड. ती ढगाखालून धाडदिशी कोसळते आणि जमिनीवर आपटून पसरते, पुढ्यातली सगळी धूळ उचलत. म्हणून आधी धुळीची भिंत, मग गारवा, आणि नशिबात असेल तर शेवटी चार थेंब. ओले कपडे पाहून आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तुला कुणी काही बोललं नाही.

पण तुझं खरं वेड होतं इतिहासाचं. मागच्या आंध्यांची नोंद कुणी ठेवली नाही म्हणून तू हळहळायचीस. पावसाची मोजदाद सगळे करतात, दहा मिनिटांच्या वाऱ्याची कोण करतो? आणि मग तुला ती युक्ती सुचली, जी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलीच नसती. आपल्याकडे लग्नं भर उन्हाळ्यात आणि आंध्याही भर उन्हाळ्यात. टेंट उडालेलं लग्न कुणी विसरत नाही. तू ओळखीपाळखीच्या घरांतून विचारत सुटलीस, "तुमच्याकडे कुणाच्या लग्नात टेंट उडाला होता?" आणि उडाला होता म्हटलं की त्या लग्नाची पत्रिका मागायचीस. पत्रिकेवर तिथी, वार, स्थळ, मुहूर्ताची वेळ, सगळं छापलेलं. मुहूर्ताच्या आधी उडाला की वरमाला झाल्यावर, वारा स्टेजच्या मागून आला की बँडवाल्यांच्या बाजूनं, भज्यांची कढई कुठल्या अंगाला कलंडली, हे सगळं तू पत्रिकेच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायचीस. मांडू, सरदारपूर, डही, कुठकुठच्या पत्रिका तू जमवल्यास. सरदारपूरच्या एका म्हातारबांना तू गाठलंस तेव्हा मी सोबत होतो. "बेनजी, म्हने ब्याव को तो कंई याद नी," ते म्हणाले, "पण टेंट असो उड्यो के नद्दी का पेला पार मिल्यो." स्वतःचं लग्न आठवत नाही म्हणणाऱ्या नवऱ्याकडे त्यांची बायको डोळे वटारून बघत होती, आणि तू शांतपणे विचारत होतीस की नदी इथून कुठल्या दिशेला.

मांडूला गेलो की तू महाल बघायची नाहीस. त्या शेकडो वर्षं जुन्या, पोट सुटलेल्या खुरासानी चिंचेखाली जाऊन उभी राहायचीस आणि तिच्या बुंध्यावर थापटी मारायचीस. "हिला बोलता आलं असतं तर मला लोकांच्या लग्नात नाक खुपसावं लागलं नसतं," म्हणायचीस. देवासच्या पुढच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा मी तुला मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं. वाटलं, वाऱ्याची भक्तीण, खूश होईल. तू पाच मिनिटं बघितलंस आणि म्हणालीस, "हा पावसाळ्यातला पगारी वारा रे. वेळेवर येतो, वेळेवर जातो. चल, कुठेतरी कचोरी खाऊ."

आपली भांडणं खांबांवरून व्हायची. आंधी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तू देवासला हजर, पर्समध्ये होकायंत्र आणि नोंदींची वही. पडलेलं प्रत्येक झाड कुठल्या दिशेला पडलं ते मोजायचं. सगळी एका बाजूला पडली असतील तर सरळ वारा, मधून पंख्यासारखी पसरून पडली असतील तर वरून आपटलेला, एकमेकांच्या अंगावर गोल गोल पडली असतील तर भोवरा. आणि हे सगळं लोकांनी फांद्या तोडून न्यायच्या आत व्हायला हवं. इकडे माझ्या डोक्यावर अख्खी वस्ती बसलेली, लाइट कधी येणार म्हणून. "तो खांब उचलू नकोस रे, माझा मोजायचा राहिलाय!" भर रस्त्यात, माझ्या माणसांसमोर. एकदा मी चिडून म्हणालो, "खांबांचं काय मोजतेस आत्या? खांब वाऱ्याच्या दिशेनं पडतच नाहीत. तारा ओढतील तिकडे पडतात." तू माझ्या जीपच्या बॉनेटवर वही उघडलीस आणि कितीतरी पानांवरच्या खांबांच्या नोंदी तिथल्या तिथे, एकेक करून खोडल्यास. किती वर्षांची मेहनत होती ती. वर लिहिलंस, "खांब खोटं बोलतात. झाडांनाच विचारावं." चूक दाखवली म्हणून इतकं खूश झालेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. मी तुला शिकवलेली तेवढी एकच गोष्ट.

या फेऱ्यांना तुला मोटरसायकलवरून नेणारा कैलाश, माझा लाइनमन. तू मागे एका बाजूला पाय सोडून, वही पोटाशी धरून बसलेली, आणि तो खड्डे चुकवत, "बेनजी, पकड़ के बैठना" करत. त्याचा नंबर तू वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होतास. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

एकदा मी तुझं ऐकलं होतं. तू फोनवर म्हणालीस, "येतेय, मोठी आहे," आणि मी काम थांबवून सगळी माणसं खांबांवरून उतरवली. संध्याकाळपर्यंत आम्ही आभाळाकडे बघत बसलो. पानही हललं नाही. आंधी वाटेतल्या बेटम्याच्या आसपासच विरली होती. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "क्यों भिया, आपकी बुआजी कौन से विभाग में हैं?" त्या दिवसापासून ऑफिसात तो विनोदच झाला. कुणी पंखा जोरात लावला तरी, "बुआजी का फोन आया क्या?" मी हसायचो, पण मला ते झोंबायचं. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तू मात्र वहीत त्या तारखेपुढे स्वच्छ लिहून टाकलं होतंस, "अंदाज चुकला," कारणासकट.

चार वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात तो दिवस आला. तुझा फोन तीनला. "निघाली. साडेपाचला पोचेल, पश्चिमेकडून. वर चढलेलं आहे का कुणी तुझं?" होतं. गावाबाहेरच्या एका लाइनवर कैलाश चढला होता. लाइन सकाळपासून बंद, फोनवर फोन येत होते. मी म्हणालो, "हो आत्या, कैलाश आहे, सांगतो त्याला." आणि सांगितलं नाही. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी विसरलो नव्हतो. फोन खिशात टाकताना माझ्या मनात स्पष्ट होतं की पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही.

चार वाजून गेल्यावर तू कैलाशला फोन केलास. खांबावर असताना तो कुणाचा फोन घेत नाही, पण बेनजींचं नाव पाहून घेतला. तू म्हणालीस, "कैलाश, फौरन नीचे उतर। साहब ने बोला है।"

हा साहेब काहीच बोलला नव्हता, आत्या.

कैलाश उतरला, अवजारं आवरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा प्यायला गेला. त्याचा चहा संपतो न संपतो तोच वारा आला. साडेपाचला नाही, साडेचारला. पश्चिमेकडून नाही, आग्नेयेकडून. आमच्याच डोक्यावर तयार झालेला ढग आमच्याच डोक्यावर कोसळला. शेजारचा कडुनिंब तारांवर आला, तारांनी खांब ओढला, आणि ज्या खांबावर कैलाश होता तो बुडातून मोडून शेतात आडवा झाला.

संध्याकाळी तो ऑफिसात आला, अंगभर धूळ घेऊन, आणि सरळ माझ्या पायाशी वाकला. "साहब, आपने बेनजी से फोन करवा दिया, नी तो आज..." सगळे बघत होते, बुआजीचे विनोद करणारेही. खरं सांगायला तेवढा क्षण पुरे होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जा, घर जा।"

मग तुला फोन केला. एवढंच म्हणालो, "आग्नेयेकडून आली, खांब पडला. कैलाश ठीक आहे." तुझ्याकडून आधी नाक पुसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "आग्नेयेकडून? नक्की? कडुनिंब कुठे पडलाय ते बघितलंस का?" दुसऱ्या दिवशी आलीस, मोजलंस, आणि वहीत लिहिलंस, "अंदाज चुकला. वेळ एका तासानं, दिशा पूर्ण." मी भडकलो. "अगं, माणूस वाचला आणि तू चुकला लिहितेस?"

"वाचला तो योगायोगानं," तू म्हणालीस. "माझ्या गणितानं त्याच्या हातात अजून तास होता. बरोबर म्हणून लिहिलं तर पुढच्या वेळी याच गणितावर कुणीतरी तासभर वर थांबेल."

"मग लगेच उतर का म्हणालीस?"

"भीती वाटली," तू म्हणालीस. "तिचा रकाना नाही माझ्या वहीत."

हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो तू बरोबर होतीस, तू म्हणायचीस चुकले. तुझ्या कॉटशी बसून गेल्या महिन्यातही आपण यावरच हुज्जत घातली. ज्याबद्दल बोलायला हवं होतं त्याबद्दल मात्र दोघंही बोललो नाही. पहिला फोन तू मला केलास, मी हो म्हणालो, मग दुसरा त्याला कशाला केलास, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. माझं "हो, सांगतो" कितपत खरं आहे ते तुला आवाजावरून कळलं होतं. आपल्या चुका बिनदिक्कत लिहून ठेवणारी तू माझ्यासाठी चक्क खोटं बोललीस, कारण माझं नाव घेतल्याशिवाय काम अर्धं टाकून कैलाश उतरला नसता. आणि नंतरही ते खोटं दुरुस्त केलं नाहीस, कारण माझ्या माणसांसमोर माझी मान खाली गेली असती. त्या फोनची नोंद तुझ्या वहीत नाही. मी सगळी पानं पाहिली.

दर वर्षी त्या तारखेला कैलाश माझ्याकडे मिठाईवाल्याकडून मावा बाटीचा डबा आणायचा. मी तो घ्यायचो. निम्मा तुझ्याकडे धारला पोचवायचो, मनाची तेवढीच समजूत. "कुणाकडची रे?" तू विचारायचीस. "कैलाशनं दिली." डॉक्टरांना न जुमानता तू एक अख्खी खायचीस, बोटं पुसायचीस आणि म्हणायचीस, "छान आहे, सांग त्याला." तेही मी सांगितलं नाही.

एक मात्र केलं. त्या दिवसानंतर तुझा फोन आला की मी निमूट माणसं उतरवत गेलो. कितीदा तरी आंधी आली नाही, मोठ्या साहेबांचे टोमणे खाल्ले, वस्तीतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. परवा फोन नव्हता, तरी खिडकी पिवळी होताच सगळ्यांना खाली बोलावलं. माझ्या हाताखाली आज जेवढी माणसं आहेत ती सगळी धडधाकट आहेत, आत्या, आणि ते माझं कर्तृत्व नाही. मी तुझा फार ऋणी आहे. हे तोंडावर म्हणालो असतो तर तू म्हणाली असतीस, "चहा टाक आधी." म्हणून म्हणायचं राहूनच गेलं.

तेराव्याला कैलाश धारला आला होता. जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात एकटा सापडला. मी त्याला सांगून टाकलं. "उस दिन मैंने कुछ नहीं बोला था, कैलाश। मेरे पास फोन आया था, मैंने तुझे बताया नहीं। बेनजी ने अपने मन से तुझे उतारा और नाम मेरा लिया।"

त्यानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता तोंड सोडेल. सोडलं असतं तर बरं झालं असतं. "चार साल," तो म्हणाला. "चार साल में कित्ती बार गाड़ी पे बिठाया बेनजी को। नमस्ते करता था, बस। एक बार बोला नी कि आपने बचाया।"

"गलती मेरी है।"

"हाँ साहब," तो म्हणाला. "आपकी है।"

इतक्या वर्षांत तो माझ्याशी असं पहिल्यांदा बोलला, आणि त्यानं बोलावं असंच ते होतं. मी तिथेच उभा राहिलो. तो फाटकापर्यंत गेला, चपला घातल्या, पुन्हा मागे फिरला. मी तुझ्याबद्दल काही लिहिणार आहे हे त्याला माझ्या बायकोनं सांगितलं होतं.

"मराठी में लिखोगे?"

"हाँ।"

"मेरा हिंदी में ही लिख देना। बेनजी समझ लेगी।"

काय लिहू, मी विचारलं. तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो आहे.

"बेनजी, कैलाश बोल रिया हूँ। मैं उतर गया था। घंटा भर पेले उतर गया तो क्या हुआ, चाय पी ली। शाम को घर पोंच गया था। छोरी दरवज्जे पे ही खड़ी थी।"